बांगलादेश, फिलिपिन्ससारखे देश दुसऱ्यांच्या भंगार फ्रिगेट्स (मध्यम आकाराच्या युद्धनौका) का घेतात? त्या पैशात एखादी नवी घेतलेली परवडणार नाही का?

भंगार हा शब्द वाचला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. आमचे साडूभाऊ गेली वीस वर्षं कोथरूडच्या हॉलमध्ये बसून हाच शब्द माझ्या तोंडावर फेकतायत, "तुम्ही आयुष्यभर इंग्रजांचं भंगार चालवलं". तुमच्यावर राग नाही, पण हे उत्तर थोडं त्यांनाही आहे असं समजा.

मी नेव्हीत आर्टिफिसर, म्हणजे इंजिन रूमवाला. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकलो, २००३ ला बाहेर पडलो, आता धानोरीत असतो.

तुमच्या प्रश्नाचं आधी उरकतो. फिलिपिन्सने २०११ ला अमेरिकन कोस्ट गार्डचं हॅमिल्टन घेतलं, १९६७ सालचं, आणि नाव ठेवलं ग्रेगोरिओ देल पिलार. ४४ वर्षांचं जहाज, हसायला येईल, पण तोवर त्यांचं फ्लॅगशिप, म्हणजे ताफ्यातलं मुख्य जहाज, होतं राजा हुमाबोन, ते दुसऱ्या महायुद्धातलं, १९४३ चं! त्यांच्या हिशोबाने हे नवंच झालं की. नव्या फ्रिगेट्स त्यांनीही घेतल्या, कोरियाकडून, २०१६ ला करार आणि पहिली हातात आली २०२० ला. मधली चार वर्षं काय पडाव पाठवायचे समुद्रात? आणि नवी आल्यावर ती चालवणार कोण, माणसं कुठल्या तरी जुन्या जहाजावरच तयार होतात ना. बांगलादेशचंही तेच, आधी ब्रिटिशांच्या तीन जुन्या फ्रिगेट्स, मग चीनच्या, मधे अमेरिकन कोस्ट गार्डची दोन कटर, म्हणजे गस्तीची जहाजं. जुनं घेणं हा मूर्खपणा नाही. मूर्खपणा कुठे होतो ते सांगतो.

१९९१ ची गोष्ट. इंग्लंडहून जुनं म्हणून घेतलेलं वाफेचं जहाज, नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. मुंबईत उभे होतो, गुरुवारी निघायचं होतं आणि मंगळवारी फीड पंपाच्या, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाच्या, फ्लँजचा (जोडाच्या कडेचा) एक स्टड तुटला, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट. क्षुल्लक काम. स्टोअरमधून नवा स्टड आला, चिठ्ठीवर 'समतुल्य' असं लिहिलेलं, मी नवीन पोरगा, मला काय शंका येणार. हाताने लावला, दोन आटे छान गेले, तिसऱ्याला घट्ट. मला वाटलं रंग किंवा कचरा अडकला असेल, म्हणून तेल सोडलं, पाना लावला, तरी जाईना तेव्हा पान्याला हातभर पाईप अडकवून जोर दिला. बॉयलर रूममध्ये ५० डिग्री, घामाने पाईप हातातून निसटतोय, आणि एकदम तो हलका झाला. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीये हलका होणं म्हणजे काय. आटे गेले. स्टडचे नाही, पंपाच्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे.

चीफ आले, रत्नागिरीकडचा माणूस, आवाज कधी चढायचा नाही. स्टड हातात घेतला, खिशातून पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी, काढून लावला आणि म्हणाले, "अरे हा सोळा मिलिमीटर. पंप इंची आहे." आता बघा, ५/८ इंच म्हणजे १५.८७५ मिमी, सोळाला इतका जवळ की डोळ्याला कळणार नाही. पण ५/८ व्हिटवर्थला, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची आट्याला, इंचात ११ आटे बसतात, म्हणजे पिच २.३१ मिमी, आणि सोळाच्या मेट्रिक स्टडचा पिच २. शिवाय व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. दोन आटे चालतं, तिसऱ्याला पकडतं.

मग चीफनी लॉकरमधून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत व्हिटवर्थचे टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायची हत्यारं, तेलकट फडक्यात गुंडाळलेले, आणि एक वही. वहीत पेन्सिलीने काढलेले नकाशे, कुठल्या पंपाला कुठला आटा, कुठली गास्केट मुंबईत मिळत नाही आणि तिच्या जागी काय कापून चालतं, कुठला व्हॉल्व्ह उलटा उघडतो. ते जहाज आणायला इंग्लंडला गेलेल्या क्रूमध्ये चीफ होते, महिनोन्महिने तिथल्या फिटरच्या मागे फिरून त्यांनी ते लिहून घेतलं होतं. पंपाचं भोक ३/४ ला वाढवलं, आणि एका टोकाला ३/४, दुसऱ्या टोकाला ५/८ असा स्टेप स्टड मी जहाजावरच्याच लेथवर रात्री दोन वाजेपर्यंत बसून काढला. गुरुवारी निघालो. मला शिक्षा म्हणून त्या फ्लँजचे बाकीचे सगळे स्टड काढून, मोजून, साफ करून परत बसवायला लावले, ते वेगळंच. अजूनही जुन्या बाजारात गेलो की ५५ अंशाचा गेज दिसला तर मी घेतो, बायको ओरडते.

तर, जहाज त्या डब्यात होतं. पत्रा तुम्हाला कोणीही देईल, अमेरिका तर जवळपास फुकट देते, डबा, म्हणजे हत्यारं, सुटे भाग आणि माहिती, विकत घ्यावा लागतो आणि तिथेच लोक हात आखडतात. रोमानियाने २००३ ला ब्रिटिशांच्या दोन टाईप २२ फ्रिगेट्स घेतल्या, एवढी मोठी धूडं, आणि मिसाईलशिवाय! हॅमिल्टनवरची फॅलँक्स, म्हणजे अंगावर येणारं मिसाईल पाडणारी तोफसुद्धा अमेरिकेने देताना काढून घेतली. उलट चिलीने २००५ ला ब्रिटिशांच्याच तीन टाईप २३ फ्रिगेट्स घेतल्या १३४ मिलियन पौंडांना, सी वुल्फ मिसाईलसकट, नंतर स्वतःच्या यार्डात त्या अपग्रेड केल्या, तिथे कोणी भंगार म्हणत नाही. आपलं गोर्शकोव्ह आठवा, रशियाची जुनी विमानवाहू नौका, हल म्हणजे सांगाडा फुकट, रिफिटसाठी (दुरुस्ती-सुधारणेसाठी) २००४ चा करार ९७४ मिलियन डॉलरचा, आणि विक्रमादित्य होऊन २०१३ ला येईपर्यंत बिल २.३५ बिलियनवर. तरी विमानवाहू विराट बघा, इंग्लंडने २५ वर्षं वापरली आणि आपण १९८७ ते २०१७, जवळपास ३०. भंगार असती तर अलंगला, जिथे जहाजं तोडतात, आधीच गेली असती.

आणि नवी घेतली म्हणजे सुटलात असंही नाही. आपली तुशील फ्रिगेट २०२४ ला रशियात आपल्या नौदलात दाखल झाली, कोरी करकरीत, तिची टर्बाईन्स युक्रेनची. दोघांची लढाई चालू असताना स्पेअर्सचा विचार तुम्हीच करा.

आता साडूभाऊ. २००६ ला त्यांनी माझ्या सल्ल्याने सेकंड हँड गाडी घेतली. मी स्पष्ट सांगितलं होतं, टायमिंग बेल्ट आधी बदला, सात-आठ हजार बाजूला ठेवा. ते म्हणाले चालतीये ना. चार महिन्यांनी खंबाटकी घाटात बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं, आणि दोष कोणाला? सेकंड हँडला! गाडी घेणं चुकलं नव्हतं हो, सात हजार वाचवणं चुकलं.

हां, हे सगळं वाफेच्या जमान्यातल्या माणसाचं बोलणं आहे. आता रडार, कॉम्बॅट सिस्टम सगळं सॉफ्टवेअर, मूळ देशाने सपोर्ट बंद केला की आटे मोजून काही होत नाही. आणि जुन्या जहाजावर माणसं जातातही. जलाश्व, सैन्य वाहून नेणारं जहाज, आपण अमेरिकेकडून २००७ ला घेतली, फेब्रुवारी २००८ ला विषारी वायूने त्यावर काही जण गेले. तेव्हा जुनं घ्याच असं माझं म्हणणं नाही, पैसा असेल आणि चार-पाच वर्षं थांबता येत असेल तर नवीच घ्या.

हे साडूंना पाठवतोय. त्या हेडच्या बिलातले निम्मे पैसे मी दिले होते, ते अजून एकदाही त्यांच्या तोंडातून आलेलं नाही.