शिकरण डावीकडचं की उजवीकडचं?

चिनू,

परवा तू शिकरणात पोळी बुडवून खात होतास आणि तुझा मित्र म्हणाला, "पुडिंगबरोबर चपाती?" तो गेल्यावर तू मला विचारलंस, "बाबा, डेझर्ट शेवटी खातात हे आपल्या लोकांना माहीतच नव्हतं का?" मी हसलो. पण ते 'माहीतच नव्हतं' जरा लागलं.

वाईच्या घरी ताटाला दोन बाजू होत्या. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजवीकडे भाजी, आमटी. गोडाची वाटीही उजवीकडेच. पुरी संपली की श्रीखंड संपायचं. शेवटी ताकभात, म्हणजे शेवट आंबटच.

वाद व्हायचा तो भरतावरून. माझी आजी दह्यातलं भरीत डावीकडे वाढायची, चमचाभर. माई काकू जळगावची. तिच्या माहेरी थंडीत शेतात वांगी भाजून भरताच्या पार्ट्या होतात. भरीत आणि कळण्याची भाकरी, झालं जेवण. तेच भरीत लोणच्याशेजारी चमचाभर बघून तिला माहेरचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. ती वाटी भरून उजवीकडे ठेवायची, आजी ती उचलून डावीकडे सरकवायची. आबा कुणाच्याच बाजूचे नव्हते. ते भरीत सरळ पोळीवर घ्यायचे.

शिकरणाचं मात्र भांडण नव्हतं. पावसाची झड लागली, मंडईत धड काही मिळेना, की आजी केळी कुस्करायची. "आज भाजी काय?" "शिकरण." म्हणून माझ्या लेखी ती भाजीच. आता वाटतं, ती रीत नसेलही, नड असेल, आणि मी उगाच तिला परंपरा म्हणतोय.

पण इथे ब्रिटनमध्ये तरी कुठे सगळं ठरलेलं आहे? तुझा लाडका, वर चॉकलेट लावलेला जॅफा केक हा केक की बिस्किट, यावर १९९१ साली लवादापुढे प्रकरण गेलं होतं. चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर व्हॅट, केकवर नाही. शिळं बिस्किट मऊ पडतं, शिळा केक कडक होतो. जॅफा कडक होतो, हाही एक मुद्दा धरला गेला आणि तो केक ठरला. आजी असती तर तिने त्यांना भरताचंही विचारलं असतं.

मित्रासमोर तुला शिकरण नको असेल तर नको. मी रागावणार नाही. केळी आणून ठेवली आहेत. काळी पडली तर बनाना ब्रेड करू, आणि तो ब्रेड की केक, ते तू सांग.

बाबा