काठमांडूच्या विमानतळावर उतरण्याआधी

प्रश्न : आई ७२ वर्षांची, मी ४६, मुलगी १६. तिघींकडे आधार कार्ड आहे. विमानाने नेपाळला जायला पुरेल ना?

आईंना पुरेल. ६५च्या पुढच्यांना आणि १५च्या आतल्यांना आधार चालतं. तुम्हाला मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल, तेही मूळ, झेरॉक्स नको. मुलीचा पासपोर्ट नसेल तर प्राचार्यांच्या सहीचा, ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या. आजच मागा, सुट्ट्या लागल्या की सहीसाठी हेलपाटे पडतात. आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून कागदपत्रंही लागत नाहीत असं समजून आलेली कुटुंबं मुंबईच्या चेक-इनवरूनच माघारी फिरताना मी पाहिली आहेत. वाईट वाटतं.

प्रश्न : दुपारी १२ला काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर उतरतोय. २ वाजता लुक्लाचं (एव्हरेस्ट ट्रेक सुरू होतो ते गाव) विमान पकडता येईल?

नाही. असा कार्यक्रम कुणी आखून दिला असेल तर आधी तो बदलून घ्या. त्रिभुवनला धावपट्टी एकच. हिवाळ्यात सकाळी धुकं धरलं की पुढची सगळी विमानं रखडतात, कधी आकाशातच घिरट्या घालत राहतात. उतरल्यावर इमिग्रेशन, सामानाची वाट, आणि देशांतर्गत टर्मिनल वेगळ्या इमारतीत. शिवाय लुक्लाची उड्डाणं सकाळची. दुपारी तिथे वारा आणि ढग दाटतात. ट्रेकच्या ऐन हंगामात तर ती बहुतेक रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. तिथवर काठमांडूहून गाडीने चार-पाच तास, म्हणजे मध्यरात्रीच निघायचं. काठमांडूत एक रात्र काढाच, आणि परतीलाही एक दिवस हाताशी ठेवा. लुक्लाला हवा बिघडली की कुणाचंच चालत नाही.

प्रश्न : हिमालय कोणत्या खिडकीतून दिसतो?

जाताना डावीकडच्या, येताना उजवीकडच्या.

प्रश्न : काठमांडूत दोन विमानांच्या मधे सहा तास आहेत. पशुपतिनाथाचं दर्शन होईल?

सकाळची वेळ असेल तर होईल, मंदिर विमानतळाला अगदी लागून आहे. दुपारी मुख्य गाभारा बंद असतो. चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेऊ देत नाहीत. भारतीय शंभराच्या नोटा जवळ ठेवा. शंभराचे १६० नेपाळी रुपये होतात, टॅक्सीवाल्याशी भाव ठरवताना कोणते रुपये ते आधी विचारा. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा आणि उड्डाणाच्या तीन तास आधी परत या.