तो तक्ता बदल

प्रिय मुली,
सलाम.

खेड्यातल्या ख्रिस्ती घरांवरचा तुझा प्रस्ताव वाचला. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शाळेत, शिकता शिकता संशोधनाला पैसे मिळाले, फार बरं झालं. आमच्या वेळी एसटीचं भाडंसुद्धा खिशातून जायचं. पण शेवटी जोडलेला तक्ता पाहून बेचैन झालो. कुटुंबप्रमुखाचं नाव, जात, बाप्तिस्म्याचं वर्ष, सही. म्हणून हे पत्र.

चाळीसेक वर्षांपूर्वी मीही नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात असाच तक्ता घेऊन हिंडलो होतो. एका आजीने चहा केला, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणून दाखवलं, मिशनच्या मडमसाहेबांच्या आठवणी सांगितल्या. मी वही उघडून विचारलं, "बाप्तिस्मा कधी झाला?" ती उठून चुलीपाशी गेली ती पुन्हा आलीच नाही. नातू मला थांब्यापर्यंत सोडायला आला. एसटी दिसल्यावर म्हणाला, "पास्टर, माझा जातीचा दाखला अडकेल हो."

ते पान मी फाडलं. पण आधीच्या अकरा घरांची नावं पैसे देणाऱ्यांकडे टपालाने गेली होती. त्यातून कुणाचं वाईट झालं नाही, पण त्यात माझं शहाणपण काहीच नव्हतं.

१९५० चा अनुसूचित जातींचा आदेश तुला माहीत असेल, कोणत्या धर्मातल्या दलितांना सवलती मिळतात ते त्यावर ठरतं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच. त्यामुळे रविवारी उपासनेला येणारा माणूस कागदावर वेगळ्याच धर्माचा सापडू शकतो. होस्टेलवर बसून त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. आणि हे काही आजचं नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर महारवाड्या-मांगवाड्यांतली घरंच्या घरं बाप्तिस्मा घेऊ लागली, तेव्हा 'पोटासाठी बाटले' म्हणून त्यांना हिणवलं गेलं. आपल्याबद्दल कुणी लिहायला लागलं की काय होतं, हे त्यांच्या नातवंडांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तेव्हा नावं नकोत, सह्या नकोत. घरांना आकडे दे, गावाचं नाव बदल. कोणता आकडा कुणाचा, ते फक्त तुझ्या वहीत राहू दे. सेमिनरीच्या संगणकातही नको. यादी मागितली तर नम्रपणे नाही म्हण. एखादा हप्ता अडला तर अडू दे, मी तुझ्या बाजूने पत्र लिहीन. हिशेब मात्र चोख ठेव. रिक्षावाला पावती देत नाही, त्याचं व्हाउचर त्याच दिवशी लिही.

मग पाहायचं काय, असं तू विचारशीलच. हंगामाच्या सणाला जा. उपासना झाल्यावर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो: भोपळे, कोथिंबिरीच्या जुड्या, पाय बांधलेली कोंबडी. एका वर्षी एक अंडं पन्नास रुपयांना गेलं. घेणाऱ्याने ते परत टेबलावर ठेवलं, पुन्हा बोली, पुन्हा परत. असं चार वेळा झालं, हशा चालला होता. पाचव्यांदा मागून एका विधवा बाईने हळूच "पाच" म्हटलं आणि अख्खं देऊळ गप्प झालं. (हो, आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.) सहा कुणी म्हणेना. पंचांनी घाईघाईने तीन मोजले आणि तिने अंडं पदरात घेतलं. आधी कुणी काही ठरवलेलं नव्हतं. तुझ्या तक्त्यात मात्र ते 'दान: पाच रुपये' एवढंच पडलं असतं.

अहवाल इंग्रजीत जाईल, जाऊ दे. त्याआधी तो मराठीत त्याच मंडळीपुढे वाचून दाखव. कुणी "हे काढ" म्हणालं तर तिथेच खोड, कारण विचारत बसू नकोस.

तक्ता बदलून पाठव. सणाचा रविवार पाळकसाहेबांना विचारून घे, प्रत्येक मंडळीचा वेगळा असतो. आणि लिलावासाठी सुटे पैसे ने. अनुदानातले नकोत, स्वतःचे.

तुझे,
सर