जिवंत माणसाच्या मेंदूतलं उत्तेजन आणि दमन यांचं संतुलन मोजता येतं का?

थेट नाही, आडून अंदाज घेता येतो. मला सगळ्यात पटते ती टीएमएस, म्हणजे बाहेरून चुंबकीय झटक्याने मेंदूला चेतवण्याची पद्धत. डोक्यावर कॉइल धरून मोटर कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या पृष्ठभागावरचा, हालचाली चालवणारा पट्टा) हाताच्या भागावर चुंबकीय झटका दिला की तर्जनीच्या बुडाशी असलेला स्नायू फडकतो आणि तिथे चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमुळे स्क्रीनवर त्याची लाट उमटते. आता त्या झटक्याच्या २-३ मिलिसेकंद आधी एक हलका झटका द्या, एकट्याने बोटही न हलवणारा. लाट चक्क खुजी होते. हे गाबाचं, म्हणजे मेंदूपेशींना शांत करणाऱ्या रसायनाचं, दमन. अंतर १०-१५ मिलिसेकंद केलं, तर तीच लाट वाढते! जोडझटक्यांची ही पद्धत १९९३ सालची. गाबाचा परिणाम वाढवणारं लोराझेपाम हे औषध घेतल्यावर दमन वाढतं, म्हणून तिच्यावर भरवसा बसतो. अडचण एकच, कॉर्टेक्सच्या इतर भागांना फडकणारा स्नायू नाही.

एमआरएसमध्ये (एमआरआय यंत्राने मेंदूतली रसायनं मोजण्याची पद्धत) गाबा आणि उत्तेजन देणारं ग्लुटामेट मोजतात, पण साधारण ३ सेंटिमीटरच्या ठोकळ्यातलं एकूण प्रमाण. त्यातलं सायनॅप्सवर (दोन पेशींमधल्या सांध्यावर) कामाला किती, ते कळत नाही. (ग्लुटामेट तर पेशीच्या चयापचयातही असतं.) तिसरा मार्ग ईईजीचा, म्हणजे डोक्यावरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींचा: वारंवारिता वाढत जाते तशी लहरींची ताकद किती झपाट्याने घटते, तो स्पेक्ट्रमचा उतार स्वस्तात मिळतो. गाबाचं दमन वाढवणाऱ्या प्रोपोफॉलच्या भुलीत तो जास्त तीव्र होतो, पण झोपेने आणि वयानेही बदलतो.