एक लन, तीन मशीन आणि गायब झालेलं लग्न

प्रश्न : ताई, परळला आमचा लग्नाच्या व्हिडिओंचा छोटा स्टुडिओ आहे. नवा स्टोरेज बॉक्स घेतला, त्यावर एक मोठा लन (बॉक्समधल्या जागेचा तुकडा, जो मशीनला स्वतःची डिस्क वाटतो) बनवला आणि आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीने, तिन्ही विंडोज मशीनना जोडला. आधी छान चाललं. मग एकावर सेव्ह केलेलं दुसऱ्यावर दिसेना. रविवारी एका लग्नाचं अख्खं फोल्डर गायब! बॉक्स खराब निघाला का?

उत्तर : सगळ्यात आधी दोन मशीनच्या स्टोरेजच्या केबल काढा. नीट शटडाउन करत बसू नका, तेवढ्यात त्यांच्या मेमरीतल्या जुन्या नोंदी डिस्कवर उतरतील. तिसऱ्या मशीनवरून जे वाचता येतं ते दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. विंडोज चेकडिस्क चालवू का विचारेल, आत्ता नको म्हणा. दुरुस्तीच्या नादात वाचण्यासारखं असलेलंही जातं. आणि कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट झाली नसतील, तर आजच बाजूला काढून ठेवा.

बॉक्स ठीक आहे. एनटीएफएस, म्हणजे डिस्कवर कुठे काय आहे याची वही ठेवणारी विंडोजची फाइल सिस्टीम, मात्र डिस्क आपल्या एकटीची आहे असं धरूनच चालते. चाळीतल्या सामायिक खोलीची किल्ली तिघांकडे असावी आणि सामानाची वही प्रत्येकाची वेगळी, तसं झालंय. तुमच्या वहीत कोपरा रिकामा आहे, पण शेजाऱ्याने सकाळीच तिथे ट्रंक ठेवली आहे. वही उघडून कोणी कोणाला विचारत नाही.

तुमच्या कामाला लन नकोच, त्याच बॉक्सवर एसएमबी शेअर, म्हणजे नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर, बनवा. मग वही एकच, बॉक्सकडे, आणि फाइल कोणी उघडली आहे तेही तोच सांभाळतो. लनच हवा असेल तर प्रत्येक मशीनला वेगळा द्या आणि तो त्या मशीनच्या आयक्यूएन नावालाच (आयस्कझीतली मशीनची ओळख) दिसेल असं मास्किंग करा. एक लन अनेक होस्टना (मशीनना) द्यायचा तर व्हीएमएफएस किंवा जीएफएस२ सारखी फाइल सिस्टीम लागते, जिच्यात कुलपं लावून होस्ट एकमेकांशी मेळ ठेवतात.

आयक्यूएनचं एवढं सांगते, कारण महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये माझी रात्र त्यात गेली. क्लोन केलेल्या दोन सर्व्हरचं नाव एकच राहिलं होतं. एक जोडला की दुसऱ्याचं सेशन (स्टोरेजशी जोडणी) तुटायचं. पहाटे पाचला, दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवल्यावर, ते नाव माझ्या नजरेस पडलं. मशीन क्लोन केलं की हे नाव आधी बदला.

स्टोरेजला वेगळा स्विच ठेवा, ऑफिसच्या वायफायच्या गर्दीत घालू नका. एक गिगाबिटच्या लाइनवर सेकंदाला साधारण ११० एमबीच मिळतात. तिघांनी एकदम फोरके उघडलं तर अडखळणारच, तेव्हा बॉक्सपासून स्विचपर्यंत तरी १० गिगाबिट घ्या. जम्बो फ्रेम (नेटवर्कवरची मोठी पाकिटं) लावायच्या तर मशीन, स्विच, बॉक्स तिन्हीकडे पाकिटाची मर्यादा (एमटीयू) ९००० बाइट करा आणि तुकडे न करता ८९७२ बाइटचा पिंग जातो का ते पाहा.

कॉपी झाली की बॉक्सवर स्नॅपशॉट (डिस्कच्या आधीच्या स्थितीच्या जपून ठेवलेल्या प्रती) चालू होते का ते कळवा. असतील तर ते फोल्डर अजून मिळू शकतं.