सात नोव्हेंबरच्या भाषणाआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

स्काऊट-गाईडचा बेसिक कोर्स संपतो न संपतो तोच भारत स्काऊट्स अँड गाईड्सच्या स्थापना दिनाचं भाषण तुझ्या गळ्यात पडलं म्हणायचं! मसुदा वाचला. स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल, इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावरचं त्यांचं पहिलं शिबिर, 1907, वीस मुलं, आणि तिथून थेट 7 नोव्हेंबर 1950. मधली त्रेचाळीस वर्षं कुठे गेली? आपला इतिहास तर तिथेच आहे, आणि तो बराचसा भांडणांचा आहे. झाकू नकोस. मुलांना भांडणं चांगली कळतात.

1909 साली कॅप्टन बेकर यांनी बंगळुरूत आपल्याकडचं पहिलं स्काऊट पथक काढलं, ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना प्रवेश नव्हता. नकाशा वाचायला, खुणांनी निरोप द्यायला शिकली तर उद्या हीच पोरं क्रांतिकारक होतील, अशी सरकारला धास्ती. (धास्ती अगदीच अनाठायी होती असं काही मी म्हणणार नाही.) मग आपल्या लोकांनी आपापली पथकं उभी केली. मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली. 1917 मध्ये स्वराज्य मागणाऱ्या होमरूल चळवळीपायी सरकारने त्याच बाईंना स्थानबद्ध केलं. मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस पुढे आले. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

पण भाषणात खरा वेळ दे तो अलाहाबादला. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी तिथे सेवा समितीची स्काऊट संघटना उभारली. समितीचं मूळ काम प्रयागच्या मेळ्यात यात्रेकरूंची सेवा करण्याचं. त्या गर्दीत माणूस चुकतो, चेंगरतो, पाय मुरगळून बसतो. तिथे शिट्टी, दोरी आणि स्कार्फ यांचा उपयोग कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुंझरू गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे, म्हणजे आपल्या पुण्याच्या संस्थेचे. 1936 पासून तिचे अध्यक्षही होते. हा धागा आपल्याकडच्या भाषणांत कुणी सांगत नाही, तू सांग.

सांगता सांगता एका मुलाच्या गळ्यातला स्कार्फ काढून दुखऱ्या हातासाठी त्याची झोळी करून दाखव. रीफ नॉट मार: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. गाठ सपाट बसते, त्यामुळे मानेला टोचत नाही आणि सोडवायलाही सोपी. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलंस तर ती ग्रॅनी होते आणि सरकते. आधी चुकीची मारून दाखवलीस तर मुलं जास्त लक्ष देतील.

1921 मध्ये बेडन-पॉवेल इथे आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना ब्रिटिशांच्या मूळ संघटनेत गेली. सेवा समिती बाहेरच राहिली. 1937 मध्ये बेडन-पॉवेल दिल्लीच्या जांबोरीला, म्हणजे स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्याला, पुन्हा आले आणि त्या सुमारास भारतीयांच्या चारित्र्याबद्दल नको ते बोलले. देशभर संताप झाला, अनेकांनी संघटना सोडली आणि 1938 मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. हे सांगायला कचरू नकोस. मात्र लगेच हेही सांग, की रागावलेल्या लोकांनी स्काऊटिंग सोडलं नाही. गणवेश, शिबिरं, टोळीपद्धत सगळं ठेवलं. फक्त कारभार स्वतःच्या हाती घेतला. माणसावर राग धरून त्याची पद्धत वापरत राहणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. तुझं मत वेगळं असेल तर ते मांड.

स्वातंत्र्यानंतरही मूळ आणि हिंदुस्थान या दोन्ही संघटना लगेच एकत्र आल्या नाहीत. नेहरू, मौलाना आझाद यांनी मनावर घेतलं तेव्हा 1950 उजाडलं, आणि पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले तेच कुंझरू. गाईड्स, म्हणजे मुलींची शाखा, त्यात आल्या 15 ऑगस्ट 1951 ला. मुलींच्या रांगेकडे बघून ही तारीख मोठ्याने सांग. तुझ्या मसुद्यात तिचा पत्ताच नव्हता.

स्काऊटच्या वचनाकडेही लक्ष वेध. इंग्लंडच्या मूळ वचनात ईश्वरासोबत राजा होता. आपल्या वचनात ईश्वर आणि देश आहेत. ईश्वराऐवजी धर्म म्हणायचीही मुभा आहे. सोहळ्यात मुलं हे घडाघडा म्हणतात, त्यातून कोण गेलं आणि कोण आलं ते त्यांना विचार.

यंदा तो दिवस दिवाळीच्या सुट्टीत आला, तर शाळा उघडल्यावर घे. आणि दहा मिनिटांत आटप, पोरं उन्हात उभी असतात.

तुझे सर