फिशटँकचा करंट, पोट्ट्याचा हात आणि घरमालकाचा कागद

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं, फोटोही बघितले. नाव गाळलंय, काही तपशील मुद्दाम बदललेत, त्यामुळे चिंता नको. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात भानगड सांगतो. नागपुरात प्रतापनगरात भाड्याचा फ्लॅट, हॉलमध्ये ३०० लिटरचा मरीन, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, दर पंधरा दिवसांनी एका दुकानातून एक पोट्टा साफसफाईला यायचा. जानेवारीत त्याने चालू टँकमध्ये हात घातला, हिटरची काच तडकलेली होती, असा करंट बसला की मागे आदळला, मनगट फ्रॅक्चर, आणि पडताना स्टुलावरची पांढऱ्या पाण्याची बरणी सांडून एका डोळ्यात गेलं. आता त्याचा मेव्हणा म्हणतो दीड लाख द्या नाहीतर पोलिसात रिपोर्ट करतो, दुकानदार म्हणतो तो माझा माणूसच नाही, आणि घरमालकाने आठ दिवसांत खाली करा असा कागद दिला, वरून लाईनही कापली. तुमचं म्हणणं एकच, यात माझी काय चूक?

चूक आहे थोडी, पण तुम्हाला वाटते तिथे नाही.

तुम्ही विचारलंय की पाण्यात करंट होता तर मासे कसे जिवंत राहिले, म्हणजे पोट्टा खोटं बोलतोय का. नाही हो. काचेचा टँक, लाकडी स्टँड, हिटरला दोनच पिना म्हणजे अर्थिंग नाही, तर करंटला जायला वाटच नव्हती, तारेवर कावळा बसतो तसे मासे बसले होते. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्याने हात घातला तेव्हा वाट मिळाली. आणि हे साधं पाणी नाही, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं, ते वीज किती छान वाहून नेतं हे सांगायला नको. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला हात लागून माणसं जातात, त्यातलंच हे, फक्त हिवाळ्यात. "एमसीबी पडला का नाही" याचंही उत्तर तेच, एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईन तोडणारा स्विच, लागतो आणि तुमच्या बोर्डाच्या फोटोत तो मला दिसला नाही.

आता ती चूक. पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की "त्याचं काम हलकं व्हावं म्हणून मी आदल्या रात्रीच ६० लिटर पाणी काढून ठेवलं होतं". आणि हिटर? तो बंद केल्याचं कुठेच लिहिलं नाही. पाणी खाली गेलं की हिटर अर्धा उघडा पडतो, उघडी काच तापते, वरून गार पाणी पडलं की तडकते. हेच झालं असं मी म्हणत नाही, मुळात खराब हिटरही असू शकतो, पण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. दुकानाविरुद्ध ग्राहक तक्रार करायची तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ आडवं येतं, वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर प्रॉडक्ट लायबिलिटी, म्हणजे वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी, टाकता येत नाही. म्हणून सगळा खेळ त्या तुटक्या हिटरवर आहे.

दुसरी अडचण तुमच्या यूपीआयची. पहिले तीन महिने पैसे दुकानाच्या क्यूआरवर गेले, मग दुकानाने रेट वाढवला म्हणून तुम्ही पोट्ट्याला थेट ७०० रुपये द्यायला लागलात. तेव्हा दोनशे वाचले असतील, आता महाग पडतंय. दुकानाने पाठवलेला माणूस असता तर त्याची जबाबदारी आधी दुकानावर आली असती, थेट पैशांमुळे दुकानदाराला "तो स्वतःच्या हिमतीवर जायचा" म्हणायला जागा मिळाली. तरी हरलात असं नाही, मीठ, पावडर, टेस्ट किट दुकानाचीच होती, आणि "उद्या आमचा मुलगा येईल" हा दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अपघाताच्या आदल्या दिवसाचा आहे. तो मेसेज सोन्यासारखा जपा, फोन बदलायचा विचार असेल तर थांबा.

पावडरीबद्दल दुकानाला सोडायचं नाही. ती पांढरी पावडर म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपल्या पानठेल्यावरचा चुनाच, खर्रा घोटताना लावतात तो, पण इथे टँकमधलं कॅल्शियम टिकवायला पाण्यात कालवून थेंबथेंब सोडतात आणि त्या पाण्याचा पीएच १२ च्या वर जातो. डोळ्यात ॲसिडपेक्षा अल्कली वाईट, ते आत आत शिरत जातं. शेजारच्या काकू लिंबू पिळायला निघाल्या होत्या आणि तुमच्या मिसेसनी त्यांना थांबवून वीस मिनिटं नळाखाली डोळा धरायला लावला, त्या पोट्ट्याचा डोळा वाचला असेल तर त्यांच्यामुळे. दुकानाने ही पावडर साध्या झिपलॉकमध्ये दिली, ना नाव, ना वजन, ना धोक्याची सूचना. पॅकबंद मालावर नावपत्ता, वजन, किंमत असलीच पाहिजे हा २०११ चा नियम आहे, आणि इशारा न देता विकलं तर त्याच ग्राहक कायद्याच्या कलम ८६ खाली विक्रेता अडकतो. यात तुमची बाजू हिटरपेक्षा भक्कम आहे. फक्त तुम्ही ते बोर्नव्हिटाच्या बरणीत भरून स्टुलावर ठेवलं होतं, एवढं विसरू नका.

मेव्हण्याच्या धमकीला घाबरू नका. हॉस्पिटलने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, केली असेल तर पोलिसांना आधीच कळलंय. हाड मोडलं म्हणजे कायद्याने गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, पण गुन्हा जामीनपात्र आहे आणि त्यासाठी साधी चूक पुरत नाही, बेपर्वाई दाखवावी लागते. माझं स्पष्ट मत सांगतो, काहींना पटणार नाही, हॉस्पिटलचं बिल तुम्ही भरा. कायदा बाजूला ठेवा, पोट्टा तुमच्या घरात पडलाय. पण पैसे मेव्हण्याच्या हातात नाही, हॉस्पिटलला किंवा पोट्ट्याच्या खात्यात, आणि सोबत एक ओळ की माणुसकी म्हणून देतोय, जबाबदारी मान्य न करता. दीड लाखाचं नंतर बघू, डोळ्याचा अंतिम रिपोर्ट यायच्या आधी आकडा ठरवणं दोघांनाही घातक आहे.

घरमालकाचं सोपं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ सांगतं की वीज-पाणी बंद करता येत नाही, कोर्टात अर्ज करू आणि लाईन सुरू करून घेऊ. अकरा महिन्यांचा नोटरी करार आहे, रजिस्टर नाही, ती जबाबदारी कलम ५५ प्रमाणे त्यांची होती, त्यामुळे अटींवरून वाद झाला तर तुमच्या म्हणण्याला वजन. आठ दिवसांचा कागद म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. उलट जुन्या बोर्डात आरसीसीबी का नाही, हे आपण त्यांना विचारू, विद्युत निरीक्षकाकडे अर्ज केला की तपासणीत तेही निघेल. हां, ३०० लिटर म्हणजे पाण्याचंच ३०० किलोच्या वर वजन, परवानगी लेखी घेतली नव्हती, हे ते बोलतील.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारलीच नाही. चौथ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात ते फांद्यांचं जे आहे, ते जिवंत प्रवाळ आहे का? क्लाउनफिशची काळजी नाही, पण रीफ बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तीन ते सात वर्षं शिक्षा, दंड किमान २५ हजार. पोलीस पंचनाम्याला हॉलमध्ये आले की हॉलमधलं सगळंच लिहिलं जाणार, आणि वनखात्याचं राज्याचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाईन्समध्येच आहे, फार लांब फोन लावावा लागत नाही. घाबरून ते फेकू नका, कुणाला देऊ नका, तो वेगळा गुन्हा होईल. कुठून घेतलं, बिल आहे का, आयातीचा कागद आहे का, हे आधी मला दाखवा, मगच ग्राहक आयोगात काय टाकायचं ते ठरवू. आयोगासाठी घटनेपासून दोन वर्षं आहेत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तेव्हा घाई करायचं कारण नाही.

गुरुवारी संध्याकाळी ऑफिसला या. येताना हिटर, उरलेली पावडर मूळ पिशवीसकट, सगळे यूपीआय स्क्रीनशॉट, डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स आणि घरमालकाचा कागद आणा. टँकचं मेन बंद असेल तरच आत हात घाला, आणि हिटर धुवू नका, आहे तसाच कागदात गुंडाळून आणा.